अंड्याचा भाव पिकवणाऱ्याच्या हाती देणारा माणूस : डॉ. बी. व्ही. राव यांचं आयुष्य आणि आपल्या अंगणातली कोंबडी

तळेगाव (श्यामजी पंत) : नागपूर-अमरावती महामार्गावरच्या गावात सकाळी अंड्यांचे ट्रे उतरतात, हे रोजचंच. किराणावाला ट्रे घेतो, ऑम्लेटच्या गाडीवाला घेतो, ढाबेवाला घेतो. पण त्या अंड्याचा त्या दिवसाचा शेकडा भाव काय, हे ट्रे उतरायच्या आधीच सगळ्यांना माहीत असतं. नागपूरचा भाव मोबाइलवर येऊन पडलेला असतो. कापसाचा भाव विचारायला बाजार समितीत जावं लागतं, संत्र्याचा भाव बागेत आलेला व्यापारी सांगतो. अंड्याचं मात्र तसं नाही. ही पद्धत आपोआप पडली नाही. एका माणसाने देशभर हिंडून, अंडी पिकवणाऱ्यांना एकत्र बसवून ती पाडली. त्या माणसाचं नाव बंदा वासुदेव राव. पोल्ट्रीच्या धंद्यात सगळे त्यांना डॉ. बी. व्ही. राव म्हणूनच ओळखतात.

आष्टी, कारंजा, आर्वी या पट्ट्यात आज बरीच तरुण पोरं आणि बचत गटाच्या बाया घरी पंचवीस-पन्नास कोंबड्या ठेवून सुरुवात करतात. कोणी त्यात बटेरही ठेवतं. सहा महिने उत्साह राहतो, मग एखाद्या रोगात निम्मे पक्षी जातात, उरलेल्यांच्या अंड्यांना गिऱ्हाईक मिळत नाही आणि खुराडं रिकामं होतं. अशा प्रत्येकाने रावांचं आयुष्य एकदा समजून घ्यावं. त्यांच्या कंपनीचा आकार बघून डोळे दिपवून घेण्यासाठी नाही, तर लहान कळप कुठे मार खातो आणि तो मार कसा चुकवायचा हे त्यांच्या कामात पायरीपायरीने दिसतं म्हणून.

साधी सुरुवात

रावांचा जन्म १९३५ चा. माणूस हैदराबादकडचा. घर श्रीमंत नव्हतं, धंद्याची परंपरा नव्हती. त्या काळी आपल्या देशात अंडी मिळायची ती बहुतेक गावरान कोंबडीचीच. कोंबडी दिवसभर उकिरड्यावर चरायची, संध्याकाळी डालग्याखाली जायची, पंधरा-वीस अंडी घालून खुडूक बसायची. वर्षाला साठ-सत्तर अंडी झाली तरी घर खुश. त्याला कोणी धंदा म्हणत नव्हतं. अंड्याचा पैसा घरातल्या बाईचा, आणि पाहुणा आला की कोंबडा कापायचा, एवढाच हिशेब.

रावांनी हैदराबादजवळ लहानशा फार्मपासून या कामात पाय ठेवला. पत्नी उत्तरादेवी सोबत होत्या. रावांना सुरुवातीलाच एक गोष्ट कळली. कोंबडी पाळणं अवघड नाही, चांगलं पिल्लू मिळणं अवघड आहे. शेतकऱ्याला जसं बियाणं, तसं पोल्ट्रीवाल्याला पिल्लू. बियाणं भेसळीचं निघालं तर पुढची सगळी मेहनत मातीत जाते, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. सोयाबीन उगवलंच नाही म्हणून दुबार पेरणी करणाऱ्याला ते चांगलं समजतं.

१९७१ : पिल्लांचा धंदा

१९७१ मध्ये रावांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. हॅचरी म्हणजे अंडी यंत्रात उबवून पिल्लं काढायची जागा. कोंबडीचं अंडं २१ दिवसांत उबतं, मग ते कोंबडीखाली असो की यंत्रात. यंत्राचा फायदा हा की हजारो पिल्लं एकाच दिवशी बाहेर येतात आणि एकाच वयाची असतात. एकाच वयाच्या पिल्लांना खाद्य एकसारखं, लस एकाच दिवशी, विक्री एकाच वेळी. धंद्याची घडी इथून बसते.

निसर्गाने यात एक सोय करून ठेवली आहे. पिल्लू कवचातून बाहेर पडतं तेव्हा बलकाचा उरलेला भाग त्याच्या पोटात असतो. त्यावर ते दोन दिवस दाणापाण्याशिवाय निभावून नेतं. म्हणूनच एक दिवसाचं पिल्लू खोक्यात घालून दूरच्या गावाला पाठवता येतं. रावांच्या हॅचरीची पिल्लं अशीच गावोगाव गेली. पुढे कामाचं मुख्य ठिकाण पुणे झालं आणि हैदराबादचा हा माणूस महाराष्ट्राचा होऊन गेला. आज बाजारात व्हेंकीज नावाने जी कंपनी आहे, ती १९७६ मध्ये वेस्टर्न हॅचरीज या नावाने स्थापन झाली होती.

घरी सुरुवात करणाऱ्याने इथे थांबून विचार करावा. खोक्यातून आलेल्या पिल्लाला आई नसते. तिची ऊब आपल्यालाच द्यावी लागते. पहिल्या आठवड्यात पिल्लांजवळ साधारण ३५ अंश तापमान लागतं, नंतर दर आठवड्याला तीन अंशांनी कमी करत जायचं. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून गोळा झाली तर त्यांना थंडी वाजते. बल्बपासून पळून कडेला बसली, चोच उघडून धापा टाकायला लागली तर गरम होतं. सगळीकडे सारखी पसरून दाणे टिपत असली की समजायचं, बरोबर आहे. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री लाइट गेली की पिल्लं दबून मरतात. म्हणून बल्बसोबत कोळशाच्या शेगडीची नाहीतर दुसरी काही तजवीज आधी करायची आणि मगच पिल्लं आणायची. शेगडीचा धूर बाहेर जायला जागा पाहिजे, नाहीतर थंडीपासून वाचलेलं पिल्लू गुदमरून जाईल.

जात बाहेरची, पैदास इथली

त्या काळी संकरित कोंबडीची मूळ जात परदेशातून यायची. संकरित कोंबडीचं संकरित बियाण्यासारखंच असतं. तिची अंडी उबवून पुढची पिढी काढली तर आईसारखी अंडी देईलच असं नाही. त्यामुळे धंदा चालू ठेवायचा तर आजी-आजोबांच्या पिढीचे पक्षी पुन्हा पुन्हा बाहेरून आणावे लागायचे. त्यात परकीय चलन जायचं, वेळ जायचा, आणि दोरी दुसऱ्याच्या हातात राहायची.

रावांनी मांसाच्या कोंबडीसाठी अमेरिकेच्या कॉब कंपनीशी करार केला आणि अंड्याच्या कोंबडीसाठी बॅबकॉकशी. पण नुसती पिल्लं आणून विकणं एवढ्यावर ते थांबले नाहीत. मूळ शुद्ध वंशच इथे ठेवून, इथल्या उन्हात, इथल्या खाद्यावर निवड करत पैदास करायची, हा त्यांचा धोरणाचा भाग होता. त्यातून मांसासाठी व्हेनकॉब आणि अंड्यांसाठी बीव्ही-३०० या कोंबड्या उभ्या राहिल्या. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी द्यायची, तिथे ही कोंबडी तीनशेच्या घरात गेली.

पिल्लांपाठोपाठ खाद्य, औषधं आणि लसीही त्यांच्या समूहात तयार होऊ लागल्या. पोल्ट्रीत खर्चाचा मोठा भाग, साधारण दोन तृतीयांश, खाद्यावर जातो. त्या खाद्यात मुख्य असतो मका आणि सोयाबीनची पेंड. म्हणजे कोंबडीचा धंदा वाढला तसं आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या सोयाबीनलाही देशातच एक मोठं गिऱ्हाईक तयार झालं. सोयाबीन पिकवणाऱ्या आणि कधी कोंबडी न पाळलेल्या शेतकऱ्याचाही रावांच्या कामाशी असा संबंध येतो.

लस लहान कळपाला जास्त लागते

गावात कोंबड्या पाळणाऱ्या कुठल्याही म्हातारीला विचारा, ती मानमोडीचं नाव घेईल. पुस्तकात त्याला राणीखेत म्हणतात. एका घरातून सुरू झाला की आठवड्याभरात अख्खा मोहल्ला रिकामा करतो. त्याच्यावर उपचार नाही, लस हाच उपाय. लासोटा लसीचा थेंब पहिल्या आठवड्यात डोळ्यात टाकतात, पुढे त्याचा बूस्टर देतात, आणि सहा ते आठ आठवड्यांच्या वयात आर-टू-बी लसीचं इंजेक्शन देतात. मोठ्या फार्मवर हे वेळापत्रक काटेकोर पाळलं जातं. म्हणून तिथले हजारो पक्षी वाचतात आणि अंगणातल्या वीस कोंबड्या मरतात.

घरच्या कळपाची अडचण अशी की लसीची कुपी शंभर किंवा जास्त पक्ष्यांची येते आणि कालवल्यावर दोन तासांच्या आत संपवावी लागते. बर्फाच्या थर्मासातून आणावी लागते, उन्हात राहिली तर ती पाणीच. वीस कोंबड्यांसाठी कोण एवढा खटाटोप करणार? यावर उपाय एकच. आठ-दहा घरांनी मिळून एक दिवस ठरवायचा, एक कुपी आणायची, आणि पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्याने सगळ्या गल्लीतले पक्षी एकदमच टोचून घ्यायचे. शेजाऱ्याची कोंबडी लसीशिवाय राहिली तर आपलंही नुकसान ठरलेलंच. एकट्याने जे होत नाही ते मिळून होतं. रावांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं कामही याच समजुतीतून उभं राहिलं.

कोंबडी थांबत नाही

१९८० च्या सुमारास अंड्यांचं उत्पादन चांगलंच वाढलं होतं. पिल्लू चांगलं, खाद्य चांगलं, लस आली. तरीही फार्म बंद पडायला लागले. कारण भाव. अंड्याचा भाव शहरातले व्यापारी ठरवायचे, आणि तो कितीतरी वेळा खर्चापेक्षाही खाली जायचा.

इथे अंड्याची आणि कापसाची अडचण वेगळी आहे हे लक्षात घ्यायला पाहिजे. भाव पडला तर शेतकरी कापूस घरात भरून ठेवतो, तूर पोत्यात ठेवतो, दोन महिने वाट पाहतो. अंड्याला तशी सोय नाही. उन्हाळ्यात चार-सहा दिवसांत अंडं उतरायला लागतं. आणि कोंबडी काही भाव पाहून अंडी घालत नाही. आज ट्रे विकला नाही तर उद्या दुसरा ट्रे तयार. कोंबडीला रोज शंभर-एकशेदहा ग्रॅम खाद्य लागतंच, अंडं विको न विको. शंभर कोंबड्या म्हणजे दिवसाला अकरा किलो. व्यापाऱ्याला हे पक्कं माहीत होतं. पिकवणारा थांबू शकत नाही, म्हणून तो म्हणेल त्या भावाला देईल. प्रत्येक फार्मवाला एकटा होता, आणि शेजारच्या फार्मवाल्याला आपला प्रतिस्पर्धी समजत होता. एकाने नाही म्हटलं तर व्यापारी दुसऱ्याकडे जायचा.

रावांचं स्वतःचं काम पिल्लं विकण्याचं. फार्म बंद पडले तर पिल्लं कोण घेणार, हा त्यांचा सरळ स्वार्थही यात होता, तो लपवायचं कारण नाही. पण त्यावर त्यांनी शोधलेला उपाय सगळ्यांच्या फायद्याचा होता. १९८१ मध्ये ते देशभर फिरायला निघाले. पोल्ट्रीवाल्यांच्या, व्यापाऱ्यांच्या सुमारे ३०० बैठका झाल्या. प्रत्येक ठिकाणी मुद्दा एकच होता. अंडं ज्याचं, भाव त्यानेच ठरवायचा. ऐकायला सोपं आहे. पण एकमेकांवर विश्वास नसलेल्या माणसांना हे पटवणं किती अवघड आहे, ते गावात कोणतीही सोसायटी चालवून पाहिलेल्याला विचारावं.

मे १९८२

या फिरण्यातून नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी, म्हणजेच एनईसीसी उभी राहिली. मे १९८२ पासून तिने अंड्याचे भाव जाहीर करायला सुरुवात केली. सरकारचा त्यात पैसा नव्हता, हुकूमही नव्हता. ही पिकवणाऱ्यांचीच संघटना. विभागवार समित्या बसायच्या, आपल्या भागात माल किती पडून आहे, मागणी कशी आहे, दुसऱ्या बाजारात काय चाललंय हे पाहून भाव काढायच्या. भाव अर्थातच सक्तीचा नाही, सुचवलेला. पण तो सगळ्यांना एकाच वेळी कळतो, त्यातच त्याची ताकद आहे. तुमच्या शेजाऱ्याने कमी भावात दिलं, अशी थाप व्यापाऱ्याला मारता येत नाही.

नुसता भाव जाहीर करून भागत नाही हेही लवकरच कळलं. माल जास्त झाला की भाव कागदावर राहतो. म्हणून अॅग्रोकॉर्पेक्स ही कंपनी सोबत उभी करण्यात आली. बाजारात अंडी जास्त झाली की तिने ती उचलायची, शीतगृहात ठेवायची किंवा तुटवड्याच्या भागात पाठवायची.

तिसरं काम गिऱ्हाईक वाढवण्याचं. त्या वेळी बऱ्याच घरांत अंडं म्हणजे आजारी माणसाचं किंवा हिवाळ्याचं खाणं. उन्हाळ्यात अंडं उष्ण पडतं, असंही मानायचे. श्रावणात तर खप एकदम खाली. एनईसीसीने टीव्हीवर जाहिराती सुरू केल्या. आठवड्यातल्या वारांची नावं घेऊन रोज अंडी खायला सांगणारी ती जाहिरात आज चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाला पाठ आहे. धंद्यातल्या लोकांनी वर्गणी काढून सगळ्यांच्या मालाची जाहिरात करायची, ही गोष्ट शेतमालात आपल्याकडे फार क्वचित दिसते. संत्र्याला असं कोणी केलं असतं तर काय झालं असतं, असा विचार आष्टी-कारंजाच्या बागायतदाराच्या मनात आल्याशिवाय राहत नाही.

अंडं शाकाहारी की मांसाहारी, हा वादही तेव्हा जोरात होता. फार्मवरच्या कोंबड्यांत कोंबडा नसतो, त्यामुळे त्या अंड्यात जीव येत नाही आणि ते कितीही दिवस उबवलं तरी पिल्लू निघत नाही. गंमत अशी की या प्रश्नाचा विचार वर्ध्याशी नातं असलेल्या माणसाने कितीतरी आधी केला होता. सेवाग्राममध्ये राहिलेल्या गांधीजींनी १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना आरोग्यावर जे लिहिलं, त्यात अशा निर्जीव अंड्यांचा उल्लेख आहे. दूध चालत असेल त्याने असं अंडं खायला हरकत असू नये, असं त्यांचं मत होतं. कोणी खावं, कोणी खाऊ नये हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण घरी पिल्लं काढायची म्हणून दुकानातली पांढरी अंडी आणून खुडूक कोंबडीखाली ठेवणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं, २१ दिवसांनी हाती काहीच लागणार नाही. पिल्लं काढायची तर कोंबडा असलेल्या कळपातलीच अंडी पाहिजेत, साधारण आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा.

पद्मश्री आणि शेवट

१९९० मध्ये भारत सरकारने रावांना पद्मश्री दिली. शिक्षणाकडेही त्यांचं लक्ष होतं. पुणे जिल्ह्यात उरुळी कांचनला त्यांच्या नावाची पोल्ट्री व्यवस्थापनाची संस्था आहे. फार्मवर काम करणाऱ्यालाही शास्त्र कळलं पाहिजे, ही त्यामागची भूमिका.

१९९६ च्या सुरुवातीला राव गेले. वय साठीचं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्लीत जागतिक पोल्ट्री परिषद भरली. ही परिषद भारतात भरण्याची ती पहिलीच वेळ. जगभरातले शास्त्रज्ञ आणि व्यावसायिक आले. ज्या माणसामुळे भारताचं नाव या धंद्यात जगापुढे गेलं, तो माणूस मात्र ते पाहायला नव्हता. पुढे कंपनीची आणि एनईसीसीची धुरा त्यांची मुलगी अनुराधा देसाई यांनी सांभाळली. आज अंडी उत्पादनात भारत जगातल्या पहिल्या तीन देशांत आहे.

दुसरी बाजू

रावांनी उभा केलेला धंदा इतका मोठा झाला की त्यात लहान माणसाची जागा आक्रसत गेली, हेही खरं आहे. एक लाख पक्ष्यांच्या फार्मवाल्याला खाद्य घाऊक भावात पडतं, पन्नास पक्ष्यांवाल्याला किरकोळीत. तोच शेकडा भाव एकाला परवडतो, दुसऱ्याला परवडत नाही. त्यामुळे घरच्या कळपाने पांढऱ्या अंड्याच्या भावाशी शर्यत लावूच नये. बीव्ही-३०० सारखी कोंबडी पिंजऱ्यातल्या पूर्ण खाद्यासाठी तयार झालेली आहे, अंगणात सोडून दिली तर ती तेवढी अंडी देणार नाही, आणि घार-मांजरापासून स्वतःला वाचवायचंही तिला फारसं जमत नाही. अंगणासाठी वनराजा, गिरिराज, ग्रामप्रिया, र्‍होड आयलंड रेड किंवा आपली गावरानच बरी. अंडी कमी, पण भाव वेगळा.

संकट आलं की लहान-मोठा भेद राहत नाही, हेही पुढच्या काळात दिसलं. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. तेव्हा फार्मवरचे पक्षी मारावे लागले, तसे आसपासच्या घरातलेही. २०२० मध्ये कोरोनाच्या सुरुवातीला कोंबडीतून रोग येतो अशी अफवा मोबाइलवर पसरली आणि चिकनचा भाव मातीमोल झाला. घरचे पक्षी अचानक मरायला लागले तर लपवून न ठेवता, मेलेला पक्षी नाल्यात न फेकता दवाखान्यात कळवणं यातच सगळ्यांचं भलं असतं.

बटेरचं काय

बटेरला एनईसीसीचा भाव नाही. घरी पाळतात ती जपानी बटेर. ती १९७४ मध्ये अमेरिकेतून उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरच्या संशोधन संस्थेत आली आणि तिथून देशात पसरली. शेतातली रानलावरी पकडून पिंजऱ्यात घालणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, त्या वाटेला कोणी जाऊ नये.

जपानी बटेरला जागा कमी लागते, वाढ झपाट्याने होते. अंडं १७-१८ दिवसांत उबतं, पाच आठवड्यांत पक्षी विकायला येतो, सहा-सात आठवड्यांत मादी अंडी द्यायला लागते. अंडं साधारण दहा ग्रॅमचं. पण बटेर खुडूक बसत नाही, पिल्लांसाठी यंत्र लागतंच. पिल्लू सात-आठ ग्रॅमचं, कोंबडीच्या पिल्लापेक्षाही जास्त ऊब मागतं, आणि पाण्याच्या ताटलीत बुडून मरतं. ताटलीत गोटे टाकून ठेवले की ते टळतं. कोंबड्या आणि बटेर एका खुराड्यात कधीच ठेवू नयेत, एकाचा रोग दुसऱ्याला लागतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपल्या खेड्यात बटेरचं गिऱ्हाईक कमी. हॉटेल, ढाबा, शहरातलं दुकान आधी बोलून ठेवल्याशिवाय शंभर बटेर आणणं म्हणजे पाच आठवड्यांनी स्वतःच खात बसणं.

आज सुरुवात करणाऱ्यासाठी

रावांच्या आयुष्याचा हिशेब मांडला तर क्रम असा दिसतो. आधी चांगलं पिल्लू, मग खाद्य आणि लस, मग एकत्र येऊन भाव, मग गिऱ्हाईक वाढवणं. यातले पहिले दोन टप्पे त्यांनी नीट केले, तरी तिसऱ्यासाठी धंदा अडला होता. घरच्या कळपाचंही तेच होतं. म्हणून लहान माणसाने हा क्रम थोडा उलटा लावावा. पिल्लं आणायच्या आधी आपल्याच गावात नियमित अंडी घेणारी दहा-पंधरा घरं पक्की करावीत. गावरान अंड्याचा भाव चार घरांनी मिळून एकच ठेवावा, एकमेकांचा पाडू नये.

सुरुवात दहा-वीस पक्ष्यांनी करावी. खुराड्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली तर ऊन थेट आत येत नाही. वर्ध्याच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो तेव्हा कोंबड्या उन्हानेच मरतात. छतावर पऱ्हाटी किंवा गवत, बाजूला ओलं पोतं आणि मातीच्या भांड्यात थंड पाणी एवढ्याने बऱ्याच वाचतात. पावसाळ्यात खालचा भुसा ओला राहू देऊ नये, आणि बुरशी लागलेला मका किंवा ढेप स्वस्त मिळते म्हणून पक्ष्यांना घालू नये. ती विषासारखी बाधते.

आणि एक वही ठेवावी. रोज अंडी किती, खाद्य किती, मेले किती, विकले किती. महिन्याच्या शेवटी एका अंड्याला खर्च किती पडला हे त्या वहीतून निघतं. ज्याला आपल्या अंड्याचा खर्च माहीत नाही, त्याला भाव मागता येत नाही. १९८१ मध्ये देशभरातल्या फार्मवाल्यांना जे ३०० बैठकांतून कळलं, ते घरच्या बाईला एका वहीतून कळू शकतं. सुरुवात करायची असेल तर पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात लसीची आणि पिल्लांची चौकशी करून घ्यावी, आणि जमलं तर शेजारच्या दोन-चार घरांना सोबत घेऊनच जावं.